चुना घातला, सामू सुधारला आणि पोफळी पिवळ्या पडल्या

आगरवाली | २६ ऑक्टोबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज माझाच प्रश्न घेऊन आले आहे, आणि जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

आमचं आगर गुहागर तालुक्यात, किनाऱ्यापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी. २२ गुंठे. तीनशेच्या आसपास पोफळी, कडेने माड, मधे थोडी जायफळं आणि मिरीचे वेल. माती तांबडी, जांभ्याची. सासरे होते तोवर शेणखत, पालापाचोळा आणि चुलीतली राख एवढंच खत. ते गेल्यावर आगर माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्यांदा माती तपासली. सामू, म्हणजे पीएच, ५.२ निघाला. जमीन आंबट आहे, चुना घाला, असं ज्याला विचारलं त्याने सांगितलं.

मग तीन वर्षं दर मे महिन्यात प्रत्येक आळ्यात एक किलो फक्की, म्हणजे विझवलेल्या चुन्याची भुकटी, घातली. पहिल्या वर्षी खरंच फरक दिसला. आळं उकरलं की पांढरी मुळं भरपूर, घडही बरे भरले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या झावळ्या पिवळट दिसायला लागल्या. यंदा तर निम्मं आगर लांबून पिवळं दिसतं. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. उन्हाकडच्या बाजूला जास्त, सावलीत कमी. जुन्या झावळ्यांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. शेंड्याची पानं मात्र हिरवीगार.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. विहिरीमागच्या कोपऱ्यात १५-२० पोफळी आहेत. पहिल्या वर्षी पोती कमी पडली म्हणून तिथे चुना घातला नाही, पुढेही ते राहूनच गेलं. ती झाडं जोमदार नाहीत, पण एवढी पिवळीही नाहीत.

नवा तपासणी अहवाल आला आहे. सामू ६.७, कर्ब चांगला, पालाश (पोटॅशियम) भरपूर, सूक्ष्म द्रव्यं ठीक. खताच्या दुकानात सांगितलं की लोह कमी आहे, फेरस सल्फेट घाला. घालू का?

---

वाशिष्ठीकाठ | २६ ऑक्टोबर, रात्री १०.०२

ताई, थांबा. फेरस सल्फेट घालू नका.

लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून सहसा हलत नाही. त्यामुळे लोह कमी पडलं की कोवळी पानं आधी पिवळी होतात. तुमची शेंड्याची पानं हिरवी आहेत, म्हणजे दुखणं लोहाचं नाही. मॅग्नेशियमचं उलटं असतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं. खालून वर चढत जाणारा पिवळेपणा, शिरा हिरव्या, उन्हाची बाजू जास्त पिवळी: हे सगळं मॅग्नेशियमकडे बोट दाखवतं. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमच असतं, ते नसेल तर पान हिरवं राहणार कसं?

पालाशाची कमतरताही खालच्या पानांवरच दिसते, पण ती कडांनी आणि टोकांनी करपत येते. माडावर तर नारिंगी ठिपके दिसतात. तुमचा पालाश भरपूर आहे म्हणताय, तेव्हा ते नसावं.

एवढं मात्र बघा, आगरात पाणी साचतं का? मुळं कुजली तरी खालच्या झावळ्या पिवळ्या होतात.

---

आगरवाली | २६ ऑक्टोबर, रात्री १०.२०

पाणी साचत नाही. उताराचं आगर आहे, पाटाचं पाणी फिरवून देतो, चर दरवर्षी साफ करतो.

पण मॅग्नेशियम कमी असेल तर अहवालात यायला नको होतं का?

---

कातळमाती | २७ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मला सगळ्यात जास्त टोचतं ते तेच. माझी ३१ वर्षं माती तपासण्यात गेली.

तुमच्या हातातला अहवाल मृदा आरोग्य पत्रिकेच्या धर्तीवरचा असणार. २०१५ साली ती योजना आली. त्यात १२ गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या यादीत नाहीत. देशावरच्या काळ्या मातीत त्याचं फारसं अडत नाही, तिथे दोन्ही भरपूर. आपल्याकडे, जिथे वर्षाला ३००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस माती धुऊन नेतो, तिथे हीच दोन सगळ्यात आधी बघायला हवीत. सामू आंबट आला की चुना सुचवला जातो, पण त्या चुन्याने मॅग्नेशियमचं काय होणार हे सांगणारा आकडाच पत्रिकेवर नसतो.

एक काम करा. दोन वेगळे नमुने काढा, एक चुना घातलेल्या भागाचा आणि एक विहिरीमागचा. प्रत्येक भागात सात-आठ आळ्यांतून एक फुटापर्यंतची माती घ्या, वरचा पालापाचोळा बाजूला सारून. घमेल्यात मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पिशवीत भरा. प्रयोगशाळेत सांगा की विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेलं आणि मुळांना मिळू शकणारं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवं आहे. वेगळे पैसे घेतील, पण करून देतात.

आणि तो विहिरीमागचा कोपरा आहे तसाच ठेवा. तुमच्याकडे न ठरवता प्रयोग झालेला आहे.

---

केळशीची पुळण | २७ ऑक्टोबर, दुपारी १.३०

आमची वाडी अगदी समुद्रालगत. वाळूत शिंपल्यांचा चुरा इतका की सामू ८ च्या आसपास. तरी दरवर्षी कोणीतरी येऊन सांगतं की माडाला चुना घाला. कोकण म्हणजे आंबट जमीन, असं सरसकट धरून चालतात लोक.

---

कातळमाती | २७ ऑक्टोबर, दुपारी २.०५

पुळणीत चुना अजिबात नको, दादा. आधीच आहे. तिथे जस्त, लोह, मँगनीजची अडचण येईल. आणि वाळू काही धरून ठेवत नाही, म्हणून शेणखत आणि झावळ्यांचं आच्छादन हाच आधार. एक बरं आहे, खाऱ्या वाऱ्याबरोबर तुमच्या माडांना थोडं मॅग्नेशियम मिळत असतं. समुद्राच्या पाण्यात वजनाने कॅल्शियमच्या तिप्पट मॅग्नेशियम आहे.

---

मृदा_दापोली | २७ ऑक्टोबर, रात्री ८.४५

मी कृषीचा विद्यार्थी आहे, मृदाशास्त्र शिकतो. एक शंका आहे, काका.

पुस्तकात सामू आणि अन्नद्रव्यांच्या उपलब्धतेचा तक्ता असतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची पट्टी ५ सामूला अरुंद आणि ६.५ च्या पुढे रुंद होत जाते. म्हणजे चुना घातला की मॅग्नेशियम जास्त उपलब्ध व्हायला हवं. आम्ही कुंड्यांत प्रयोग केला तेव्हाही चुना घातलेल्या कुंडीतल्या रोपांनी मॅग्नेशियम जास्त उचललं होतं. मग ताईंकडे उलटं कसं झालं?

---

कातळमाती | २८ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

फार चांगला प्रश्न आहे. अख्खा विषय इथेच आहे, तेव्हा सावकाश लिहितो.

आपली माती आली कुठून ते आधी बघू. रत्नागिरीचा कातळ आणि साताऱ्याची काळी जमीन, दोन्हींचं मूळ एकच, बेसॉल्टचा काळा पाषाण. त्या पाषाणात मॅग्नेशियम चांगलं असतं. आपल्याकडे लाखो वर्षांच्या पावसाने चुना, मॅग्नेशियम, पालाश, सिलिका धुऊन नेली आणि मागे राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा. या मातीची अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मुळात कमी. कोठार लहान, आणि त्यातल्या बऱ्याच खणांत ॲल्युमिनियम ठाण मांडून बसलेलं. सामू ५.५ च्या खाली गेला की हे ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं जाळतं आणि मॅग्नेशियमच्या वाटेतही आडवं येतं.

अशा मातीत चुना पडला की एकाच वेळी चार गोष्टी होतात.

पहिली, ॲल्युमिनियम निष्प्रभ होतं. मुळं मोकळी वाढतात, आणि आहे तेवढं मॅग्नेशियम जास्त चांगलं उचललं जातं. ताईंना पहिल्या वर्षी दिसलेली पांढरी मुळं ती हीच.

दुसरी, कोठार मोठं होतं. जांभ्याच्या मातीवरचा विद्युतभार सामूप्रमाणे बदलतो. सामू वाढला की ऋणभार वाढतो आणि माती जास्त अन्नद्रव्यं धरू शकते. हेही चांगलंच.

तिसरी, चुन्याबरोबर कॅल्शियमचा लोंढा येतो. माती कॅल्शियमला मॅग्नेशियमपेक्षा घट्ट धरते. मॅग्नेशियमच्या कणाभोवती पाण्याचं वेष्टण मोठं असतं, म्हणून त्याची पकड सैल. कॅल्शियम आलं की मॅग्नेशियम जागा सोडून मातीतल्या पाण्यात उतरतं. आता तुझी कुंडी आठव. कुंडीतून पाणी वाहून जात नाही, किंवा फार थोडं जातं. जागेवरून उठलेलं मॅग्नेशियम तिथेच पाण्यात राहतं आणि रोपाला आयतं मिळतं. म्हणून तुझे आकडे वाढले. आगरात जूनपासून आभाळ फाटतं. उठलेलं मॅग्नेशियम मुळाशी थांबत नाही, पाण्याबरोबर खाली निघून जातं.

चौथी गोष्ट थोड्याच ठिकाणी घडते, पण आपल्यासारख्या मातींत तिची नोंद आहे. सामू ७ च्या जवळ नेला की ॲल्युमिनियमचा ताजा साका तयार होतो, आणि थोडं मॅग्नेशियम त्यात अडकून पडतं. तपासणीत दिसत नाही आणि मुळालाही मिळत नाही.

तक्त्यातली पट्टी खोटी नाही. पण ती सामूबद्दल बोलते. सामू कशाने वाढवला आणि वरून पाणी किती पडलं, याबद्दल ती काही सांगत नाही. चुना बेताचा आणि मातीत मॅग्नेशियमची शिल्लक बरी, तर पहिल्या दोन गोष्टी जिंकतात. चुना जास्त आणि शिल्लक तुटपुंजी, तर तिसरी जिंकते.

---

मृदा_दापोली | २८ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

कुंडी आणि पावसाची गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. आभारी आहे काका. पुढच्या वेळी कुंडीला खालून भोक ठेवून, निचऱ्याचं पाणी गोळा करून तपासणार.

---

सातारकर काळीमाती | २८ ऑक्टोबर, सकाळी ११.००

आमच्याकडे बरोबर उलटा त्रास. काही रानांत मॅग्नेशियम इतकं की जमीन चिकट होते, पाणी मुरत नाही. त्यावर आम्ही जिप्सम घालतो. गुहागरच्या ताईंना जिप्सम चालेल का? त्याने सामू तर वाढणार नाही.

---

वाशिष्ठीकाठ | २८ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

नको नको. जिप्सम म्हणजे पुन्हा कॅल्शियमच, आणि जोडीला सल्फेट, जे मॅग्नेशियमला हात धरून खाली घेऊन जाईल. तुमच्या रानात ते औषध आहे, कारण तुम्हाला मॅग्नेशियम घालवायचंच असतं.

---

आगरवाली | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२५

अहवाल आले. काकांनी सांगितलं तसे दोन्ही नमुने दिले होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम १०० ग्रॅम मातीत किती मिलिइक्विव्हॅलंट ते लिहिलं आहे.

चुना घातलेला भाग: सामू ६.७, कॅल्शियम ६.१, मॅग्नेशियम ०.४.
विहिरीमागचा कोपरा: सामू ५.३, कॅल्शियम २.१, मॅग्नेशियम ०.८.

म्हणजे जिथे मी काहीच केलं नाही तिथे मॅग्नेशियम दुप्पट. कागद हातात घेऊन मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. तीन वर्षं मे महिन्याच्या उन्हात बायका लावून, आळं आळं फिरून तो चुना घातला होता.

---

कातळमाती | १४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

ताई, वाईट वाटून घेऊ नका. चुना घालायचा निर्णय चुकीचा नव्हता. ५.२ सामूला काहीतरी करायलाच हवं होतं. कुठला चुना आणि किती, एवढंच कोणी विचारलं नाही.

आकडे समजावून सांगतो. मॅग्नेशियमचा १ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे सुमारे १२० पीपीएम, किलोभर मातीत १२० मिलिग्रॅम. तुमच्याकडे ०.४, म्हणजे ४८ पीपीएम. केरळात, जिथली माती आणि पाऊस आपल्यासारखाच, तिथे १२० पीपीएमच्या खाली मॅग्नेशियम कमी धरतात. विहिरीमागे ९६ आहे, म्हणजे तेही काठावरच.

कॅल्शियमचा ६.१ हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. न विरघळलेले चुन्याचे कण मातीत असतील तर तपासणीच्या द्रावणात तेही विरघळतात. पण दिशा स्पष्ट आहे. विझवलेला चुना चुनखडीच्या भुकटीपेक्षा जोरकस असतो. शुद्ध चुनखडीची आम्लता मारायची ताकद १०० धरली तर विझवलेल्या चुन्याची १३६, कळीच्या चुन्याची १७९. तुम्ही झाडामागे तीन किलो फक्की घातली, म्हणजे चार किलोंहून जास्त चुनखडी घातल्यासारखं झालं, आणि तीही सगळी आळ्यात, जिथे मुळं दाटलेली असतात.

शिवाय पालाश भरपूर आहे म्हणालात. पोटॅश घालत होतात का?

---

आगरवाली | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

हो. झावळ्या पिवळ्या दिसल्या म्हणून गेल्या वर्षी पोटॅश वाढवलं होतं.

---

कातळमाती | १४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

तेही एक कारण. जास्त पालाश मुळाच्या दारात मॅग्नेशियमला मागे सारतो. यंदाचं पोटॅश थांबवा, मातीत पुरेसं आहे.

---

समतोल शेती | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

मी इतकी वर्षं सांगतोय की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं गुणोत्तर महत्त्वाचं! मातीच्या कोठारात ६५ टक्के कॅल्शियम, १० टक्के मॅग्नेशियम आणि ५ टक्के पालाश हवा. ताईंचं गुणोत्तर १५ ला १ झालंय. ते साडेसहा ला १ वर आणा, सगळं ठीक होईल.

---

कातळमाती | १५ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

आदराने असहमती नोंदवतो. हे ६५-१०-५ चं सूत्र १९४० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, आणि मिझुरीच्या अल्ब्रेक्ट यांनी पुढे नेलं. नंतरच्या प्रयोगांत असं आढळलं की दोन्ही अन्नद्रव्यं पुरेशी असतील तर गुणोत्तर बरंच वरखाली झालं तरी पिकाला फरक पडत नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जुन्या कामाचा आढावा घेऊन हेच म्हटलं.

हे मी वादासाठी सांगत नाही. गुणोत्तराच्या मागे लागलेला माणूस १० टक्के मॅग्नेशियम गाठायला गरज नसताना खर्च करतो. आणि लहान कोठाराच्या मातीत गुणोत्तर सुंदर असूनही दोन्ही कमी असू शकतात. विहिरीमागचा कोपराच बघा, गुणोत्तर अडीचला एक, तरी मॅग्नेशियम काठावर. आधी पीपीएम बघायचे. गुणोत्तर इतकंच सांगतं की ढकलाढकल कुठल्या बाजूने चालू आहे.

---

समतोल शेती | १५ नोव्हेंबर, दुपारी १.००

विहिरीमागच्या आकड्यांचा मुद्दा पटला. बाकी वाचून बघतो.

---

कुडाळचो माड | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०

माझ्या माडांक पण असाच झालाहा. खालची चुडतां पिवळी. मी पण दोन वर्सां चुनो घातलंय. आता डोलोमाइट घालू काय? आमच्याकडे सगळे तांच सांगतत.

---

वाशिष्ठीकाठ | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५

दादा, आधी सामू बघा. ५.५ च्या आसपास असेल तर डोलोमाइट घाला, चुना थांबवा. डोलोमाइट हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्हींचा कार्बोनेट. शुद्ध असेल तर त्यात १३ टक्के मॅग्नेशियम, बाजारात मिळतो त्यात कमी धरा. आम्लता चुनखडीइतकीच मारतो.

मी चिपळूणजवळ नव्या पोफळींना सुरुवातीपासून तेच दिलं. एकदा मात्र "डोलोमाइट" लिहिलेल्या पोत्यांत साधी चुनखडी निघाली होती. तेव्हापासून घरी बघून घेतो. चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळायचं. चुनखडी लगेच जोरात फसफसते, डोलोमाइट मंद, रेंगाळत. पक्की खात्री यानेही होत नाही, कारण भुकटी फार बारीक असेल तर तोही फसफसतो. मोठी खरेदी असेल तर पोत्यावरचा मॅग्नेशियमचा आकडा बघा आणि नमुना तपासून घ्या.

---

आगरवाली | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०

मग मीही डोलोमाइटच घालू ना? हिशेब केला, हेक्टरला दीड टन म्हणजे गुंठ्याला १५ किलो.

---

कातळमाती | १५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

नाही ताई. तुमच्या चुना घातलेल्या भागाला डोलोमाइट नको, आणि इथे बरेच जण चुकतात म्हणून ठळकपणे सांगतो. डोलोमाइट विरघळायला मातीत आम्लता लागते. तुमचा सामू ६.७ आहे. तिथे तो भुकटी होऊन वर्षानुवर्षं पडून राहील, आणि जेवढा विरघळेल तेवढा सामू अजून वर नेईल. मग जस्त आणि बोरॉनची नवी दुखणी सुरू.

तुम्हाला हवं आहे मॅग्नेशियम सल्फेट. ते पाण्यात लगेच विरघळतं आणि सामूला हात लावत नाही. त्यात साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं. केरळात नारळाला झाडामागे वर्षाला अर्धा किलो द्यायची जुनी शिफारस आहे. पोफळ लहान झाड, मी माझ्याकडे १५० ग्रॅम देतो, दोन हप्त्यांत. तूट एका वर्षात भरायला जाऊ नका. हिशेबाने झाडामागे किलोभर लागेल, पण एवढं एकदम ओतलं तर बरंचसं वाहूनच जाईल.

वेळ फार महत्त्वाची. विरघळणारी वस्तू पावसाळ्याच्या तोंडावर घालायची नाही. आत्ता नोव्हेंबरात पाऊस संपला आहे, पाटाचं पाणी हातात आहे. आत्ता अर्धं आणि जानेवारीत अर्धं. आळ्यात पसरून, मातीत मिसळून, बेताचं पाणी.

डोलोमाइट विहिरीमागच्या कोपऱ्यासाठी ठेवा. तिथे सामू ५.३ आहे. वळवाच्या आधी, मे महिन्यात, झाडामागे एक किलो, आळ्याबाहेरही पसरून. तो हळू विरघळतो, म्हणून पावसात चटकन धुपूनही जात नाही. शेणखत किंवा युरियाबरोबर एकत्र घालू नका, नत्र वायू होऊन उडून जातं. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

चुना आता निदान तीन-चार वर्षं नको. सामू आपोआप खाली येईलच. पाऊस आणतो, आणि युरियाही आणतो. १०० किलो युरियाने होणारी आम्लता मारायला ८० किलोंच्या आसपास चुनखडी लागते. अमोनियम सल्फेटला तर ११०.

---

भाताचा मळा | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.००

भातखाचरात काय करायचं? तिथेही सामू साडेपाच.

---

कातळमाती | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.२५

खाचरात पाणी उभं राहिलं की लोहातल्या बदलांमुळे सामू आपसूक ६.५ कडे सरकतो. भातासाठी मी चुन्याची घाई करणार नाही. नंतर वाल किंवा कुळीथ घेत असाल तर विचार करा.

---

श्रीवर्धनी रोठा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आम्ही सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी दर पावसाळ्यात दोन-तीनदा बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, फवारतो. त्यातही चुना असतो. त्याने पण मॅग्नेशियम कमी होतं का? आणि सासऱ्यांच्या राखेबद्दल कोणीच बोललं नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९.४५

बोर्डोची काळजी नको. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटरला एक किलो चुना, म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम. किलोभर फक्कीपुढे ते काहीच नाही. बोर्डोत जपायचं ते मोरचुदातल्या तांब्याला, ते वर्षानुवर्षं मातीत साठत जातं.

राखेचं मात्र बरं आठवण केलीत. लाकडाच्या राखेत कॅल्शियम सगळ्यात जास्त, पण पालाश आणि मॅग्नेशियमही असतं. आपल्या जुन्या लोकांनी जमिनीला नुसता चुना क्वचितच दिला. राख दिली, शेण दिलं, पालापाचोळा दिला, भाताच्या रोपांना राब भाजला. त्या प्रत्येकात मॅग्नेशियम परत येत होतं, थोडं थोडं. झाडाने खालून उचललेलं पानातून पुन्हा आळ्यात पडत होतं. ताई, गळलेल्या झावळ्या काय करता?

---

आगरवाली | १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

पूर्वी आळ्यातच पडायच्या. गेली चार वर्षं आगर साफ दिसावं म्हणून काढून बाहेर जाळतो, आणि राख तिथेच राहते. आता लिहिताना लक्षात येतंय की चुना सुरू केला आणि झावळ्या बाहेर न्यायला लागलो, दोन्ही एकाच सुमाराला.

उद्यापासून झावळ्या तुकडे करून आळ्यात. फार फार आभार सगळ्यांचे. कळवत राहीन.

---

आगरवाली | २१ मे, संध्याकाळी ६.१५

कळवते म्हटलं होतं.

नोव्हेंबर आणि जानेवारी, दोन हप्त्यांत झाडामागे १५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट दिलं. पोटॅश बंद ठेवलं. झावळ्या सगळ्या आळ्यात.

पिवळ्या झावळ्या हिरव्या झाल्या नाहीत, त्या तशाच वाळून गळल्या. पण पिवळेपणा वर चढायचा थांबला. माघापासून फुटलेल्या झावळ्या अजून हिरव्या आहेत. खालून तिसरी झावळीही आता हिरवी दिसते, गेल्या वर्षी याच दिवसांत ती अर्धी पिवळी होती. मधल्या दोन ओळींत फरक कमी आहे, तिथे पाणी नीट पोचत नाही असं वाटतं.

विहिरीमागे काल डोलोमाइट पसरलं. २० झाडांपैकी १२ ना दिलं, आठ तशीच ठेवली आहेत. पोत्यावर मॅग्नेशियमचा आकडा छापलेला होता, तरी लिंबू पिळून पाहिलं.

---

कुडाळचो माड | २१ मे, रात्री ८.३०

ताई, माझो सामू ५.४ इलो, मॅग्नेशियम ०.५. मी पण डोलोमाइट आणलंय, माडाक किती घालू? वळीव खंयच्याय क्षणी येतलो.

---

कातळमाती | २१ मे, रात्री ८.४०

मोठ्या माडाला एक किलो. खोडापासून दोन हात सोडून आळ्यात गोल पसरा आणि वरच्या वर मातीत मिसळा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट. उद्या सकाळीच उरका, ढग भरून आले आहेत.